फिक्या लांकडाचें रोगण

आपल्याकडे घरांतील लांकूडसामान काळवंडलें म्हणून कोणी फारसें हळहळत नाहीं. सागवानी दार, शिसवी पलंग, माजघरांतला झोपाळा हीं जितकीं जुनीं तितकीं गडद होतात, आणि त्या गडदपणावरच त्यांचें वय व घराण्याची स्थिति मोजली जाते. एकोणिसाव्या शतकांत मुंबईस जें कोरीव शिसवी सामान घडत असे तें तर मुळांतच काळें. पांढऱ्या लांकडाचें कौतुक करावें आणि तें पिवळें पडलें कीं दुःख करावें, ही तऱ्हा आपल्या घरांत अलीकडची आहे. परदेशांतून येणारें पाईन, बीच, ॲश व मेपल आणि आपल्याच दक्षिणेंतील रबराच्या झाडाचें लांकूड यांच्या खुर्च्या-मेजांनीं शहरांतील घरें भरूं लागलीं, तेव्हांपासून सुताराला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : असें कोणतें रोगण आहे कीं ज्यानें हें लांकूड आज जसें दिसतें तसेंच राहील ?

प्रश्न आपल्याला नवा असला तरी कारागिरीच्या इतिहासांत तो कांहीं शतकांचा जुना आहे. आणि त्या इतिहासांत आपल्या देशांतील एका किड्याचा वांटा इतका मोठा आहे कीं, हा विषय परका म्हणून बाजूस सारतां येणार नाहीं. पण आरंभीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयीं जाणत्यांचाही घोटाळा होतो. सामान पिवळें पडतें तें एका कारणानें नव्हे, दोन कारणांनीं. वरचें रोगण स्वतः पिवळें पडतें हें एक. आणि त्या रोगणाखालचें लांकूडही पिवळें पडतें हें दुसरें. लांकडाच्या तंतूंना एकमेकांशीं सांधून ठेवणारा लिग्निन नांवाचा पदार्थ असतो. वजनानें तो साधारणतः लांकडाच्या पाव हिश्श्याच्या आसपास भरतो. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण तो शोषून घेतो, त्या किरणांनीं त्याची मोडतोड होते, आणि त्यांतून पिवळ्या-तपकिरी रंगाचे नवे पदार्थ निपजतात. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद उन्हांत राहिला कीं थोड्याच दिवसांत पिवळा होतो तो ह्याच कारणानें. त्या कागदांत लिग्निन राहून गेलेलें असतें. म्हणजे रोगण कितीही निर्मळ असलें तरी खिडकीजवळच्या मेजाचा रंग थोडाफार बदलणारच. जुन्या कारागिरांना लिग्निन ठाऊक नव्हतें; त्यांची झुंज होती ती वरच्या रोगणाशीं.

त्या रोगणांतला पहिला अपराधी जवसाचें तेल. हवेंतील प्राणवायु घेऊन हें तेल घट्ट होतें, हाच त्याचा गुण. आणि ज्या घटकामुळें तें लवकर वाळतें त्याच घटकामुळें तें पिवळेंही पडतें, हा त्याचा दोष. युरोपांतील चित्रकारांना ही खोड फार आधीं कळली होती. जॉर्जो व्हसारी यानें १५५० सालीं कलावंतांचीं जीं प्रसिद्ध चरित्रें छापलीं त्यांच्या प्रास्ताविकांत, अक्रोडाचें तेल कालांतरानें कमी पिवळें पडतें म्हणून तें बरें, असा अभिप्राय दिलेला आहे. पुढें १६३८ सालीं रूबेन्स यानें अँटवर्पहून युद्धाच्या भीषणतेवरील आपलें मोठें चित्र फ्लॉरेन्सला सुस्टरमान्स नांवाच्या चित्रकाराकडे धाडलें, तेव्हां सोबतच्या पत्रांत एक काळजी व्यक्त केली : ताजें चित्र पेटींत फार दिवस बंद राहिल्यानें त्यांतील पांढरे आणि अंगकांतीचे रंग पिवळसर होण्याचा संभव आहे, तरी तें मधून मधून उन्हांत ठेवावें. रूबेन्सचा हा उपाय आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य आहे. जवसाचें तेल अंधारांत पिवळें पडतें आणि उजेडांत पुन्हां बरेंचसें उजळतें. आतां फिक्या लांकडावर जवसाचें तेल चोपडणाऱ्याची कोंडी पाहा. मेज उजेडांत ठेवावें तर लांकूड पिवळें होणार. अंधारांत ठेवावें तर तेल पिवळें होणार. ह्या तेलाची शिफारस आजही बाजारांत मोठ्या भक्तिभावानें होते. गडद लांकडापुरती ती योग्यच आहे, पण पांढऱ्या लांकडाला त्यापासून दूर ठेवावें हें बरें.

सतराव्या शतकांत चीन व जपान येथून आलेल्या लाखटलेल्या सामानाचें वेड युरोपांत पसरलें आणि त्याची नक्कल करण्याचे खटाटोप सुरू झाले. इंग्लंडांत जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनीं १६८८ सालीं ऑक्सफर्डला ह्या विद्येवर एक ग्रंथ छापला. त्यांत काळ्या व गडद कामासाठीं लाखेचें रोगण एक, आणि पांढऱ्या किंवा फिक्या कामासाठीं ‘पांढरें रोगण’ दुसरें, असा भेद स्पष्ट केलेला आहे. हें दुसरें रोगण मद्यार्कांत मुख्यतः सँडारॅक आणि त्याच्या जोडीला मॅस्टिक वगैरे राळा विरघळवून करीत. सँडारॅक ही उत्तर आफ्रिकेंतील एका झाडाची राळ. मॅस्टिक ग्रीसच्या किओस बेटावरची. दोन्हीही जवळजवळ रंगहीन. परंतु दोन्हीही ठिसूळ. नखानें ओरखडा उठावा इतपत कच्च्या. लाख मात्र चिवट, लांकडाला घट्ट धरणारी आणि सुरेख चकाकणारी. म्हणजे जी टिके ती तांबूस आणि जी पांढरी ती टिकेना. पुढलीं दीडशें वर्षें युरोपांतील रोगणकार ह्या पेंचांत सांपडलेले दिसतात.

ही लाख जात होती आपल्या देशांतून. पळस, बोर आणि कुसुम ह्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लक्षावधि सूक्ष्म किडे बसतात, रस शोषतात आणि आपल्याभोंवतीं राळेचें कवच उभारतात. छोटा नागपूर, छत्तीसगड आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यांत अद्यापही हें पीक निघतें. काड्यांवरून खरवडलेली लाख कुटून धुतली कीं तिच्यांतला तांबडा रंग बराचसा पाण्यांत निघून जातो. ह्याच रंगानें पूर्वीं स्त्रियांचे पाय रंगत आणि लोकर-रेशीमही रंगत. धुतलेली दाणेदार लाख मग लांबट कापडी पिशवींत भरून विस्तवापुढें धरीत. पिशवीला पीळ देत जावा तसतशी वितळलेली राळ बाहेर झिरपे. ती गोळा करून कारागीर हातापायांनीं आणि दांतांनींसुद्धां ताणून तिचा पातळ पत्रा करीत. तोच मोडला म्हणजे चपडा. जुन्या ध्वनिमुद्रिका ह्याच चपड्याच्या जोरावर वाजत असत, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

पण धुण्यानें सगळाच रंग जात नाहीं. लाखेंत एक पिवळा रंग असा आहे कीं तो पाण्याला दाद देत नाहीं, आणि मद्यार्कांत मात्र लाखेबरोबर निमूट विरघळतो. चपड्याच्या पॉलिशचा मधासारखा रंग तो हाच. शिसवीवर किंवा महोगनीवर ह्या रंगानें शोभा वाढते. मेपलवर चढला कीं नवें मेज पहिल्याच दिवशीं जुनें दिसतें. गंमत अशी कीं, कित्येक ग्राहकांना चपडा सोनेरी दिसलेला आवडे, म्हणून हिंदुस्थानांतील भट्ट्यांवर त्यांत थोडी हरताळ घालण्याचाही प्रघात होता. इकडे लाख अधिक पिवळी करण्यासाठीं त्यांत विष कालवलें जात होतें, आणि तिकडे तीच लाख पांढरी कशी करावी ह्यासाठीं बक्षिसें लागत होतीं.

बक्षिसें हा शब्द मीं अलंकारानें वापरलेला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सांत लाखेचें पॉलिश कापसाच्या बोळ्यानें, शेंकडों पातळ हात फिरवून चढविण्याची पद्धत प्रचारांत आली, आणि थोड्याच वर्षांत ती इंग्लंडांत पसरली. आपल्याकडील पॉलिशवाला आज जो बोळा फिरवितो तो ह्याच परंपरेंतला. नेमक्या त्याच काळांत, १८१५ ते १८४८ च्या दरम्यान, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि उत्तरेकडील देशांत मध्यमवर्गीय घरांसाठीं साध्या आकाराचें, फिक्या लांकडाचें सामान होऊं लागलें. बर्च, मेपल, ॲश व चेरी हीं तेथलींच लांकडें त्यांत वापरीत. समुद्रापलीकडची महाग महोगनी ज्यांस परवडत नव्हती त्यांनीं घरच्या पांढऱ्या लांकडांतच सौंदर्य शोधलें. अशा वेळीं लाखेचा तो पिवळेपणा सर्वांच्या डोळ्यांत खुपूं लागला. लंडनच्या कलासंवर्धक मंडळीनें, म्हणजे ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’नें, लाखेइतकेंच कठीण पण रंगहीन असें रोगण लाखेपासूनच करून दाखविणारास पारितोषिक जाहीर केलें, आणि १८२७ सालीं तें दोघांना विभागून दिलें.

ह्या दोघांचे मार्ग अगदीं भिन्न होते, आणि ह्याच ठिकाणीं थोडें थांबावेसें वाटतें. पहिला जॉर्ज फील्ड. हा रंगद्रव्यांचा नामांकित जाणकार. पुढें १८३५ सालीं रंगांवरील त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानें मद्यार्कांत विरघळलेल्या लाखेंत, पोटॅशच्या द्रवांत क्लोरीन वायु सोडून केलेलें विरंजक पाणी मिसळलें. कापडगिरण्यांत सूत पांढरें करण्याची जी युक्ति तीच लाखेवर चालविली. अमेरिकेंत फिलाडेल्फियाचे रसायनाचे प्राध्यापक रॉबर्ट हेअर यांचाही मार्ग क्लोरीनचाच. दुसरा पारितोषिकवाला हेन्री ल्यूनिंग. त्यानें लाखेला कसलेंही तीव्र औषध पाजलें नाहीं. लाखेचा मद्यार्कांतील द्रव हाडांच्या ताज्या कोळशाबरोबर कांहीं मिनिटें उकळायचा आणि गाळून घ्यायचा, एवढीच त्याची कृति. कोळसा रंग शोषून घेतो, लाख तशीच राहते.

फील्डच्या मार्गानें लाख अधिक पांढरी होते, आणि स्वस्तांत होते. म्हणून कारखान्यांनीं क्लोरीनचाच मार्ग पत्करला. पण त्याची किंमत मागाहून कळली. क्लोरीन रंगावर थांबत नाहीं, लाखेच्या अंगालाही लागतो. अशी विरंजित लाख ठेवल्या ठेवल्या बिघडते. कांहीं महिन्यांत ती मद्यार्कांत नीट विरघळेनाशी होते, आणि मग तिचा थर धड वाळतही नाहीं. तिच्या कांड्या पाण्याखालीं बुडवून ठेवण्याचा प्रघात पडला तो ह्यासाठींच. ज्या सुतारानें जुन्या डब्यांतली पांढरी लाख वापरली आणि आठवडा लोटला तरी ज्याच्या मेजावर बोट चिकटत राहिलें, त्यानें दोष पावसाळी हवेला दिला असेल. दोष बहुधा लाखेच्या वयाचा होता. ल्यूनिंगच्या मार्गानें केलेली लाख बर्फासारखी पांढरी होत नाहीं, तींत फिकट गवती छटा राहते, पण तिचा चिवटपणा शाबूत असतो. रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था निघाली. लाखेचा रंग आणि तिचें आयुष्य ह्या दोहोंची सांगड हा तिच्या अभ्यासाचा एक भाग. आज बाजारांत दोन्ही प्रकार मिळतात : क्लोरीननें पांढरी केलेली ती ‘ब्लीच्ड’ लाख, आणि मेण काढून कोळशानें रंग उतरविलेली ती निर्मेण, निर्वर्ण लाख. दोनशें वर्षांपूर्वीं बक्षीस विभागून दिलें गेलें, आणि दुकानाच्या फळीवर तें अजून विभागलेलेंच आहे. माझें मत विचाराल तर ल्यूनिंगला त्यांतला मोठा वांटा मिळावयास हवा होता.

आपल्या सावंतवाडीच्या कारागिरांनीं मात्र हा पेंच वेगळ्याच रीतीनें सोडविला. पांगाऱ्याचें लांकूड हलकें आणि पांढुरकें. त्याचीं खेळणीं ते चरकावर उतरवितात. पण तो पांढरेपणा टिकविण्याच्या फंदांत न पडतां, लाखेंतच रंग कालवून तिच्या कांड्या करायच्या, त्या फिरत्या लांकडावर दाबून रंग चढवायचा आणि केवड्याच्या पानानें घोटून चकाकी आणायची, असा त्यांचा खाक्या. लाखेचा पिवळा रंग तांबड्या-हिरव्याखालीं कोणाला दिसणार ? लाखेकडून रंगहीनतेची अपेक्षा त्यांनीं केलीच नाहीं.

उत्तर युरोपांत आणखी एक वाट होती, आणि ती रोगणाला सर्वस्वीं फांटा देणारी. स्कँडिनेव्हियांतील घरांत पाईनच्या किंवा फरच्या फळ्यांची जमीन साबणानें आणि वाळूनें पुन्हां पुन्हां घासण्याची चाल होती. ह्या घासण्यानें लांकडाच्या रंध्रांत साबणाचा सूक्ष्म थर बसे, मळ आंत शिरत नसे, आणि जमीन फिकट, रुपेरी राही. कोणा रसायनज्ञाचें बक्षीस ह्या शोधाला मिळालें नाहीं. तो घर सारवणाऱ्या बायकांचा होता. तेथून ती रीत सामानावर आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्कमधील खुर्च्या जगभर गाजल्या, त्यांत बोर्ग मोगेन्सन यानें १९४७ सालीं तेथील सहकारी मंडळासाठीं आंखलेली साधी खुर्ची होती, आणि हान्स वेगनर यानें १९४९ सालीं आंखलेली, पाठीला इंग्रजी वाय अक्षराचा आधार असलेली खुर्चीही होती. ओक आणि बीच यांच्या ह्या खुर्च्या आजही साबण लावून विकल्या जातात. कृति सोपी आहे. शुद्ध, सुगंधरहित साबणाचे पापुद्रे कोमट पाण्यांत विरघळवून फडक्यानें लांकडावर चोळावे, जास्तीचें पुसून घ्यावें, वाळल्यावर उठलेले तंतू बारीक कांचकागदानें हळूच बसवावे, आणि हें तीन-चार वेळां करावें. पिवळें पडेल असें ह्यांत कांहींच नाहीं.

पण दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. दख्खनच्या विहिरीचें जड पाणी ह्या कामी चालत नाहीं. त्यांतल्या चुन्यानें साबणाचा फेस न होतां चिकट पांढरी साय होते. पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें. आणि साबणाचें लांकूड म्हणजे जवळजवळ उघडें लांकूड. हळदीचा हात लागला कीं डाग राहणार, कोंकणच्या पावसाळ्यांत बुरशीची भीतीही राहणार, आणि वर्षांतून दोन-तीनदां साबण पुन्हां लावावाच लागणार. डॅनिश घरांत ही नित्याची घरकामाची बाब समजतात. आपल्या घरांत ती कोणाच्या अंगावर पडेल हें खुर्ची आणण्यापूर्वींच ठरवावें.

अमेरिकेचा इतिहास ह्याच्या उलट, घाईचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकीच्या कापसाचे, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे, मोठाले कारखाने रिकामे पडले. १९२३ सालीं ड्यू पाँ कंपनीनें त्याच द्रव्याचें ‘ड्यूको’ नांवाचें रोगण मोटारींसाठीं काढलें. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि लौकरच लांकूडसामानाचे कारखानेही फवारणीकडे वळले. १९३० नंतर तेथें सोनेरी केसांच्या रंगाचें सामान घेण्याची टूम निघाली. लांकूड हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिक सोडा यांनीं पांढरें करून वर हें लॅकर फवारीत. पण नायट्रोसेल्युलोज उजेडांत स्वतःच विघटतें आणि पिवळें पडतें. नव्वद वर्षांपूर्वींचें तें सामान आज मधाच्या रंगाचें झालें आहे, आणि संग्राहक त्या मधाच्या रंगालाच मोल देतात, ही निराळी गोष्ट.

पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर यानें जर्मनींत १९३७ सालीं लाविला. हें नांव आज प्रत्येक पॉलिशवाल्याच्या तोंडीं ‘पीयू’ ह्या रूपानें आहे. पण पीयू हें एका पदार्थाचें नांव नव्हे, कुळाचें आहे. त्यांतली ॲरोमॅटिक नांवाची जात स्वस्त आणि कठीण, पण प्रकाशांत हमखास पिवळी होणारी. ॲलिफॅटिक जात महाग, आणि पिवळी न पडणारी. तेलांत कालविलेलें पीयू असेल तर त्यांत जवसाच्याच कुळांतील तेलें असतात आणि रूबेन्सची जुनी कथा पुन्हां सुरू होते. मेलामाईनचें रोगणही फिक्या लांकडावर फार वर्षें निर्मळ राहत नाहीं. पाण्यावर आधारलेलें ॲक्रिलिक किंवा ॲलिफॅटिक पीयू हें आजच्या घडीला रोजच्या वापराच्या मेजासाठीं सर्वांत भरवशाचें. त्यांत अतिनील किरण शोषणारें द्रव्य घातलेलें असेल तर खालच्या लांकडालाही थोडी सांवली मिळते. कोणी कोणी त्यांत चिमूटभर टायटॅनियमचा पांढरा रंग घालतात. तो पिवळेपणा रोखीत नाहीं, झांकतो, आणि जास्त झाला तर लांकडाच्या रेषा धुकट करतो. ह्या रोगणांची छटा थंड, किंचित् निळसर असते. लाखेची ऊब तिला नाहीं, हें कबूल करावें लागतें. म्हणून लेखनाची पेटी, आरशाची चौकट, असें पाणी-गरम भांडें न लागणारें सामान असेल तर मी अजूनही कुसुमाच्या लाखेचा, कोळशानें उतरविलेला, ताजा विरघळविलेला चपडाच सुचवीन.

डब्यावर काय छापलें आहे त्यापेक्षां स्वतः पारख करणें सोपें आहे. खिडकीच्या कांचेचा एक तुकडा घ्यावा, आणि ज्या लांकडाचें सामान करावयाचें त्याचीच एक फळी घ्यावी. दोहोंवर तेंच रोगण तितकेच हात द्यावे, दोहोंचा अर्धा भाग जाड काळ्या कागदानें बांधावा, आणि दोन्ही नमुने दक्षिणेच्या खिडकींत एक पावसाळा व एक उन्हाळा ठेवावे. मग कागद सोडून कांच पांढऱ्या कागदावर धरावी. कांचेचा उघडा भाग झांकलेल्याहून पिवळा दिसला तर रोगण खोटें. झांकलेला भागच अधिक पिवळा दिसला तर त्यांत जवसाच्या जातीचें तेल आहे असें समजावें. कांच निर्मळ आणि फळी मात्र पिवळी झाली असेल तर तो लिग्निनचा खेळ. तेथें रोगण बदलून उपयोग नाहीं, खिडकीला पडदा लावावा. नमुन्याच्या पाठीवर रोगणाचें नांव आणि लावल्याची तारीख पेन्सिलीनें लिहून ठेवावी. शाई वर्षभराच्या उन्हांत उडून जाते.